लालाचं पांढरं, पांढऱ्याचं लाल : यीस्टमधल्या प्रायॉनच्या प्रकल्प नोंदी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. ठिकाण पुणे, कॉलेजची साधी लॅब : एक ऑटोक्लेव्ह, एक लॅमिनार (निर्जंतुक हवेचं कामाचं कपाट), एक शेकर, उणे ऐंशीचा फ्रीजर नाही. यीस्टमधलं [साय+] नावाचं प्रायॉन (घडी वेगळी बसलेलं आणि आपल्यासारख्या इतर प्रथिनांनाही तसंच वळवणारं प्रथिन) घालवायचं, परत आणायचं, आणि ते पिढ्यांमागून पिढ्या जातं हे स्वतःच्या प्लेटवर बघायचं, एवढंच ठरलं होतं. जून ते ऑक्टोबर 2024 लागले. नीट माहिती असती तर सात आठवड्यांत झालं असतं. उरलेले दिवस कुठे गेले ते खाली आहे. ज्यांना हेच करायचंय त्यांनी निदान माझ्या चुका परत करू नयेत.

13 जून, गुरुवार

स्ट्रेन, म्हणजे यीस्टचा ठरावीक वाण, आला. दुसऱ्या संस्थेतल्या एका लॅबने दोन स्लँट (तिरक्या माध्यमावर यीस्ट वाढवलेल्या नळ्या) कुरियरने पाठवले. 74-डी694 नावाचा हा यीस्ट, एकात प्रायॉन आहे, [साय+], दुसऱ्यात नाही, [साय−]. जनुकं दोघांची तीच. स्लँटवर दोन्ही सारखेच दिसतात, मळकट पांढरे.

गुरुवार, म्हणजे सकाळपासून लाईट नाही. लॅमिनार बंद. शहाणपण करून दिव्याच्या ज्योतीजवळ स्ट्रीक केलं, म्हणजे प्लेटवर रेघा ओढून पसरलं. बघू.

रात्री आईचा फोन. "प्रायॉन म्हणजे ते गायीच्या वेडाचं ना? हात धुतोस का?" तिला सांगितलं की हे प्रथिन वेगळं आहे, नाव सप35, यीस्टचं स्वतःचं. आपल्या मेंदूतल्या प्रथिनाशी त्याचा संबंध नाही आणि हा तोच यीस्ट आहे जो पाव फुगवतो. ती म्हणाली, तरी धू.

17 जून

चार दिवस झाले. दोन्ही प्लेट पांढऱ्या. [साय−] लाल यायला हवा होता.

लाल का यायला हवा ते एकदाच लिहितो. या स्ट्रेनच्या एडीई1 जनुकात मधेच एक चुकीचा थांबा ('प्रथिन इथे संपव' अशी खूण) आहे, यूजीए. सप35 हे प्रथिन थांब्यावर प्रथिनाची जुळणी सोडवण्याचं काम करतं. ते नीट काम करत असेल तर एडीई1 अर्धवट तुटतं, ॲडेनिन बनवण्याची साखळी मधेच अडते, अडलेला पदार्थ साठून त्याचा लाल रंग होतो आणि ॲडेनिन नसलेल्या माध्यमावर पेशी वाढत नाहीत. सप35 प्रायॉन होऊन गुंत्यात अडकलं की थांबे अधूनमधून ओलांडले जातात, एडीई1 थोडं थोडं पूर्ण बनतं, कॉलनी (एका पेशीपासून प्लेटवर वाढलेला ठिपका) पांढरी होते. दुधावरच्या सायीसारखी. म्हणून लॅबमध्ये सगळे त्याला 'साय' म्हणतात असं मला वाटलं होतं. नाही, ते ग्रीक अक्षर आहे.

दोन्ही पांढऱ्या का? संध्याकाळी कपाटातली बाटली नीट वाचली. मागच्या बॅचच्या कुणीतरी बनवलेलं ते वायपीडी (यीस्टचं नेहमीचं माध्यम) नव्हतं, वायपीएडी होतं. मधला 'ए' म्हणजे वरून घातलेलं ॲडेनिन. आयतं ॲडेनिन मिळालं की पेशी साखळी चालवतच नाही, मग लाल कुठून येणार? चार दिवस आणि बारा प्लेट गेल्या.

22 जून

यीस्ट एक्सट्रॅक्ट नेहमीच्या पाव पट घालून माध्यम केलं : लिटरला अडीच ग्रॅम एक्सट्रॅक्ट, वीस पेप्टोन, वीस ग्लुकोज, वीस अगार. बाटलीवर 'पाव वायपीडी' लिहिलं. ज्युनिअरने विचारलं, पावासाठीचं वेगळं असतं का?

तीस अंशांवर तीन दिवस, मग फ्रीजमध्ये दोन दिवस. फ्रीजमधले दोन दिवस टाळू नका, रंग तिथे चढतो. [साय−] वीटकरी लाल, [साय+] पांढरा. पहिल्यांदा दोन प्लेट शेजारी ठेवल्या तेव्हा लॅबच्या काकांनाही दाखवल्या. एकाच जनुकाचे दोन भाऊ आहेत म्हटलं. ते म्हणाले, आमच्याकडेही आहेत.

26 जून

क्युअरिंगला, म्हणजे प्रायॉन घालवायला, सुरुवात. ग्वानिडिन हायड्रोक्लोराइड अगदी थोडं, 5 मिलीमोलर, माध्यमात घातलं की [साय+] जातो. हे 1981 पासून माहीत आहे. 'क्युअर' हा शब्द मला खटकतो, यीस्ट काही आजारी नाही, पण सगळे तोच वापरतात.

1 मोलर स्टॉक केला, गाळून घेतला. लिटरला पाच मिली. [साय+] त्यावर तीनदा ओढणार.

2 जुलै

तीन वेळा ओढून साध्या प्लेटवर आणला. सगळं पांढरं. एकही लाल नाही.

3 जुलै

म्हटलं ग्वानिडिन जुनं असेल. प्रकल्पाच्या गाईड मॅडमनी बाटली हातात घेतली, हलवली आणि विचारलं, "किती वजन केलंस?" शंभर ग्रॅमची बाटली होती, तिच्यातून जवळजवळ काहीच कमी झालेलं नव्हतं. 100 मिलीच्या 1 मोलर स्टॉकला 9.55 ग्रॅम लागतं. मी 0.955 घेतलं होतं. वहीत दशांशचिन्हाच्या जागी शाईचा ठिपका होता, तो मी भलतीकडे वाचला. म्हणजे प्लेटमध्ये 5 नाही, अर्धा मिलीमोलर होतं.

आठवडा गेला. तेव्हापासून स्टॉकच्या बाटलीवर तीव्रतेबरोबर ग्रॅमही लिहितो.

6 जुलै

घाई करायला गेलो. प्लेटवर तीन-तीन वेळा ओढण्यापेक्षा दोन दिवस वाढून बसलेलं कल्चरच 5 मिलीमोलर ग्वानिडिनमध्ये चोवीस तास ठेवलं, मग पसरलं. 187 कॉलन्या, लाल शून्य.

वजन बरोबर होतं, दोनदा तपासलं. चूक दुसरीच होती. ग्वानिडिन प्रायॉन विरघळवत नाही. एवढ्याशा ग्वानिडिनने प्रथिनाची घडी उलगडत नाही, त्याला त्याच्या हजारपटीने लागतं. इथे ते अडवतं एचएसपी104 ला. हे प्रथिन प्रायॉनच्या लांब तंतूंचे तुकडे करत राहतं. तुकडे होणं बंद झालं की नवीन बिया (बाकीच्या सप35 ला वळवणारे तुकडे) तयार होत नाहीत, आणि पेशी दुभागत गेली की असलेल्या बिया मुलींमध्ये, म्हणजे नव्या पेशींमध्ये, वाटल्या जाऊन पातळ होत जातात, शेवटी एखादीच्या वाट्याला काहीच येत नाही. माझं कल्चर वाढून बसलेलं होतं. दुभागणंच नाही तर पातळ काय होणार?

मॅडम वर्गात प्रायॉनसाठी विरजणाची उपमा देतात. मला ती अर्धीच पटते, कारण विरजणात जिवाणू असतात, जिवंत, स्वतःच्या जनुकांसकट. खडीसाखर जास्त जवळची. पाकात दोरा सोडला की खडा वाढतो, पण एकच खडा वाढत राहतो. तो ठेचून प्रत्येक कण नव्या पाकात टाकला तरच शंभर खडे होतात. ठेचणारा बत्ता म्हणजे एचएसपी104. ग्वानिडिन बत्ता काढून घेतं. चेर्नोव्ह वगैरे मंडळींनी 1995 मध्ये दाखवलं की बत्ता अजिबात नसेल तरी [साय+] जातो आणि गरजेपेक्षा फारच जास्त असेल तरी जातो. दुसरा भाग खडीसाखरेत बसत नाही, तिथे माझी उपमाही संपते.

12 ते 14 जुलै

आता नीट. पातळ कल्चर, 5 मिलीमोलर, शेकर, दर बारा तासांनी ताज्या माध्यमात पातळ करत राहायचं म्हणजे ते बसायला नको. ग्वानिडिनमध्ये वाढ जरा मंदावते, माझ्याकडे एक पिढी सव्वादोन-अडीच तासांची पडली. रात्री दोनचा नमुना घ्यायला होस्टेलवरून सायकलने आलो. वॉचमनने वहीत 'कारण' या रकान्यात 'यीस्ट' लिहायला लावलं.

पाव वायपीडीवर मोजणी :

0 तास : 214 पैकी लाल 0.
12 तास : 198 पैकी लाल 4. शिवाय अर्ध्या लाल अर्ध्या पांढऱ्या कॉलन्या बऱ्याच.
24 तास : 206 पैकी लाल 97.
36 तास : 203 पैकी लाल 181.

पहिले बारा तास जवळजवळ काहीच नाही आणि मग एकदम पडझड, हा आकारच सांगतो की सुरुवातीला पेशीत बिया डझनांनी असतात आणि त्या वाटून संपायला काही पिढ्या जातात. म्युटेशन होत असतं तर असं थांबून-थांबून सगळ्यांना एकदमच झालं नसतं.

त्या अर्ध्या-अर्ध्या कॉलन्या भिंगाखाली बघा. मधून सरळ रेघ जाते, एका बाजूला लाल, एका बाजूला पांढरं, जिलेबीचा तुकडा साखरेवर ठेवावा तसं. प्लेटवर पडली तेव्हा ती एकच पेशी होती. तिथेच दुभागताना एका मुलीला बी मिळालं, दुसरीला नाही, आणि दोघींचा पुढचा सगळा वंश तसाच राहिला.

18 जुलै, गुरुवार

लाईट नाही, म्हणून बसून त्या उरलेल्या 22 पांढऱ्यांकडे बघत होतो. काही फारच लहान. छत्तीस तासांनंतरही क्युअर न झालेल्या इतक्या का?

संध्याकाळी लाईट आल्यावर 22 च्या 22 ग्लिसरॉलच्या प्लेटवर (ग्लुकोज नाही, 3 टक्के ग्लिसरॉल) आणि ॲडेनिन नसलेल्या प्लेटवर ओढल्या.

23 जुलै

22 पैकी 9 ग्लिसरॉलवर वाढल्या नाहीत. त्या 'पेटीट' आहेत, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बिघडलेल्या. श्वसन बंद पडलं की लाल रंग चढतच नाही. त्यात ग्वानिडिन स्वतःच पेटीट वाढवतं. म्हणजे ज्या औषधाने क्युअर करायचं तेच खोटे पांढरे पैदा करतं. त्या 9 पैकी एकही ॲडेनिनशिवाय वाढली नाही, म्हणजे प्रायॉन त्यांच्यातूनही गेलेलं होतं, फक्त रंग खोटं बोलत होता. खरे [साय+] उरले 13.

ज्यांना एवढीच एक गोष्ट न्यायची असेल त्यांनी ही न्या : रंगावर निकाल देऊ नका. प्रत्येक वेळी ग्लिसरॉल आणि ॲडेनिन-उणे, दोन्ही प्लेट. मी 12 जुलैलाच हे केलं असतं तर आठवडा वाचला असता.

25 जुलै

मॅडमना आकडे दाखवले. खूश होतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "ग्वानिडिनने गेलं, एवढंच दाखवलंस. प्लाझ्मिडही जातं, विषाणूही जातो." प्लाझ्मिड म्हणजे पेशीतलं डीएनएचं सुटं कडं.

ब्रायन कॉक्सने लिव्हरपूलला 1965 मध्ये [साय+] शोधला तेव्हा तो जनुकासारखा वागत नाही एवढंच कळलं होतं, पेशीद्रवातून जातो एवढंच. जवळपास तीस वर्षं कुणालाच कळेना की हे आहे काय, कारण त्या गुणाचा डीएनए काही सापडेना. 1994 मध्ये रीड विकनर यांनी [यूआरई3] या दुसऱ्या तशाच गुणाबद्दल मांडलं की हे प्रायॉन आहे, आणि त्यासाठी तीन कसोट्या लावल्या. क्युअर झाल्यावर, बाहेरून काही न घालता, तो गुण परत उगवू शकला पाहिजे. त्या प्रथिनाचं प्रमाण वाढवलं तर उगवण्याचं प्रमाण वाढलं पाहिजे. आणि प्रायॉन असताना दिसतं ते त्याच प्रथिनाचं जनुक बिघडल्यावर दिसतं तसं दिसायला हवं. प्लाझ्मिड एकदा गेलं की आपोआप परत येत नाही. विषाणूही नाही. घडी बिघडलेलं प्रथिन मात्र येऊ शकतं, कारण सरळ घडीचं प्रथिन पेशीत असतंच.

म्हणजे माझं काम निम्मंही झालेलं नव्हतं. आधी संकर, मग परत आणणं, असं ठरलं.

प्रथिनाचे मोठे गुंते जेलवर दाखवण्यासाठी सप35 ची अँटिबॉडी लागते. कोटेशन मागवलं. आलं. मॅडमनी ते घडी घालून फाईलमध्ये ठेवलं आणि विषय संपला.

1 ऑगस्ट

रेप्लिका प्लेटिंगसाठी, म्हणजे एका प्लेटवरच्या कॉलन्यांचा छाप दुसरीवर घ्यायला, मखमल हवी. तयार चौकोन महाग पडतात, म्हणून रविवार पेठेतून मीटरभर आणली, 180 रुपये. कापली, ऑटोक्लेव्ह केली. पॉलिस्टरची निघाली. तिचे केस आडवे पडले, ओल शोषेना, सगळ्या कॉलन्या एकमेकींत फासल्या. दुकानदाराला 'सुती मखमल' असं स्पष्ट सांगा, आणि खात्री नसेल तर एक धागा जाळून बघा. सुती राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी होतो. ही युक्ती काकांची. सुती 320 रुपये मीटर.

5 ते 20 ऑगस्ट

[साय+] 'ए' जातीचा, त्याला ल्युसिन बनवता येत नाही. जोडीदार 'अल्फा' जातीचा [साय−], लाल, त्याला लायसिन बनवता येत नाही. दोघंही एडीई1 च्या त्याच चुकीच्या थांब्याचे. एकत्र ठेवले, मग दोन्ही नसलेल्या प्लेटवर. तिथे फक्त संकरच जगतो.

संकर पांढरे. सगळे. [साय−] आणि [साय−] चा संकर शेजारीच लाल, हा कंट्रोल विसरू नका. बिया असलेली पेशी बिया नसलेलीशी एक झाली की तिचा सगळा सप35 ओढला जातो.

आता बीजाणू. 1 टक्का पोटॅशियम ॲसिटेटमध्ये पाच दिवस ठेवले, एकही बीजाणू नाही. फ्लास्क गळ्यापर्यंत भरला होता, हवा कुठून मिळणार. 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये फक्त 10 मिली, खोलीच्या तापमानाला, जोरात हलवत, आणि पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली चार-चार बीजाणूंच्या पिशव्या दिसल्या.

21 ऑगस्ट

जवळच्या संस्थेत बीजाणू सुटे करायचं यंत्र आहे, अर्धा दिवस मिळालं. भिंत पचवणाऱ्या एन्झाइममध्ये पहिली खेप वीस मिनिटं ठेवली, पिशव्या फुटून बीजाणू इकडेतिकडे. कोण कुणाचा ते कळेना. दुसरी खेप आठ मिनिटं, बर्फावर थांबवली.

काचेची सुई कशी चालवायची हे तिथल्या ताईंनी शिकवलं : बीजाणू उचलायचा नाही, सुईला चिकटू द्यायचा. दुपारी चारपर्यंत 9 पिशव्या मांडल्या.

26 ऑगस्ट

9 पैकी 7 पिशव्यांचे चारही बीजाणू वाढले. सातही ठिकाणी चार पांढरे, लाल शून्य. केंद्रकातलं एक जनुक असतं तर दोन पांढरे दोन लाल आले असते. मेंडेलचा हिशेब इथे लागत नाही. चारही मुलांना पेशीद्रव मिळालं, पेशीद्रवात बिया होत्या, संपलं.

या प्रकल्पात एकही चूक न होता हाती आलेला हा एकच निकाल. म्हणजे, वीस मिनिटांची खेप सोडून.

28 ऑगस्टपासून

परत आणणं. सप35 चे तीन भाग. सुरुवातीचा एन, ग्लुटामिन आणि ॲस्पॅराजिनने भरलेला, तोच चिकट आणि प्रायॉनचं सगळं कारस्थान त्याचंच. मधला एम. आणि थांब्याचं खरं काम करणारा सी. एन आणि एम एवढाच तुकडा, मागे हिरवं चमकणारं जीएफपी जोडून, तांब्याने चालू होणाऱ्या प्रमोटरखाली (जनुकाचं बटण) असलेलं प्लाझ्मिड मागवलं. ते युरॅसिल नसलेल्या माध्यमावर टिकून राहतं.

तांबं म्हणजे मोरचूद. आमच्याकडे सांगलीला द्राक्षाच्या बागेत मोरचूद पोत्याने येतं, इथे 50 मायक्रोमोलर, लिटरला साडेबारा मिलिग्रॅम. वडिलांना सांगितलं तर म्हणाले एवढ्याने भुरीसुद्धा जायची नाही.

माझ्याच क्युअर केलेल्या, पक्क्या लाल [साय−] स्ट्रेनमध्ये प्लाझ्मिड घातलं. एक दिवस मोरचूद. मग ॲडेनिन-उणे प्लेटवर दहा लाखांच्या आसपास पेशी पसरल्या.

चौथ्या दिवशी काही नाही, म्हणून प्लेट टाकून देणार होतो. मॅडम म्हणाल्या या प्लेटला दहा दिवस द्यायचे. दिले. एनएम असलेल्या प्लेटवर 3 कॉलन्या, रिकाम्या प्लाझ्मिडवर 2. म्हणजे काहीच नाही.

प्लाझ्मिड परत घातलं. मोरचूद बदललं. 100 मायक्रोमोलर करून बघितलं. तेच.

7 सप्टेंबर

गणपती. घरी.

12 सप्टेंबर

आरतीनंतर सगळे जेवायला बसले आणि मी फोनवर जुने लेख वाचत होतो, त्यावर बोलणीही खाल्ली. पण सापडलं.

सप35 एकटं, नुसतं जास्त झालं म्हणून सहज प्रायॉन होत नाही. पेशीत आधीच दुसरं एक प्रायॉन असावं लागतं, [पिन+]. ते आरएनक्यू1 या वेगळ्याच प्रथिनाचं. त्याच्या तंतूंवर सप35 पहिल्यांदा अडकतं आणि वळतं. लिबमन यांच्या गटाने 1997 मध्ये [पिन+] ची गरज दाखवली, 2001 मध्ये ते आरएनक्यू1 चं असतं हे.

आणि [पिन+] लाही जगायला तोच बत्ता लागतो, एचएसपी104.

म्हणजे जुलैत मी ग्वानिडिनने [साय+] काढलं तेव्हा न कळत [पिन+] ही काढून टाकलं होतं. रंगात काही दिसलं नाही, कारण [पिन+] ला रंग नाही. एकदा पक्का क्युअर झालेला माझा तो अभिमानाचा लाल स्ट्रेन परत आणण्यासाठी सर्वांत निकामी होता. दोन आठवडे मोरचूद उगाच.

14 सप्टेंबर

ज्या लॅबने स्ट्रेन दिला त्यांना मेल केला. उत्तर दोन ओळींचं : सुरुवातीला पाठवलेला [साय−] आमच्याकडे एचएसपी104 जास्त करून काढलेला आहे, त्यात [पिन+] शाबूत आहे, तोच वापरा. जास्तीच्या एचएसपी104 ने [साय+] जातं, [पिन+] राहतं.

म्हणजे 13 जूनला दोन नंबरच्या स्लँटमध्ये तो माझ्याकडे आला होता. फ्रीजमध्येच होता, तीन महिने. सोबतच्या कागदावर [पिन+] लिहिलेलंही होतं, मी त्याला बारकोड समजलो होतो.

19 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर

त्याच्यात प्लाझ्मिड घातलं. एक दिवस मोरचूद. त्याच संध्याकाळी शेजारच्या संस्थेत फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकावर तासभर बसायला मिळालं. बहुतेक पेशींत हिरवा रंग सगळीकडे सारखा पसरलेला. पण काहींत, पन्नासात एक-दोन, हिरवं सगळं गोळा होऊन पेशीच्या कडेने कडं झालेलं, एका पेशीत तर शेवयांचा गुंता. फोटो काढायचं राहिलं, वेळ संपली. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर मशीन बुक.

ॲडेनिन-उणे, दहा दिवस. रिकामं प्लाझ्मिड : 5. एनएम : 340 च्या पुढे मोजणं सोडलं.

3 ते 14 ऑक्टोबर

पांढरं दिसलं म्हणून उड्या मारायच्या नाहीत, हे जुलैने शिकवलं होतं. एडीई1 चा थांबा ओलांडायला लावणारी साधी म्युटेशनही असू शकते. 48 कॉलन्या उचलल्या. ग्लिसरॉल : सगळ्या वाढल्या. मग ग्वानिडिनवर तीनदा, या वेळी बाटलीवरचे ग्रॅम बघून. 41 लाल झाल्या. 7 पांढऱ्याच राहिल्या, त्या म्युटंट, बाजूला.

राहिलं शेवटचं. त्या 41 च्या ग्वानिडिन न दिलेल्या मूळ पांढऱ्या कॉलन्यांमध्ये एनएमचं प्लाझ्मिड अजून होतं. ते असेपर्यंत कुणीही म्हणेल की पांढरं त्याच्यामुळे आहे. प्लाझ्मिड झटपट काढायचं 5-एफओए परवडत नव्हतं, म्हणून युरॅसिल असलेल्या साध्या माध्यमात दोन दिवस वाढू दिलं, पसरलं आणि मखमलीवरून युरॅसिल-उणे प्लेटवर छाप घेतला. ज्या तिथे उगवल्या नाहीत त्यांचं प्लाझ्मिड गळालं. सुती मखमलीचे 320 रुपये इथे वसूल झाले.

प्लाझ्मिड गळालेल्या कॉलन्या पाव वायपीडीवर ओढल्या, तीन दिवस तीस अंश, दोन दिवस फ्रीज. पांढऱ्या. ज्याने सुरुवात करून दिली तो तुकडा पेशीत नाही, त्याचं जनुकही नाही, पेशीचं स्वतःचं साधं सप35 आहे आणि ते एकमेकांना वळवत बसलंय.

मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरून बघितली आणि विचारलं, "ग्लिसरॉल केलंस?" केलं होतं.

खर्च

ग्वानिडिन 1,450. पेट्री प्लेट साधारण 700, नगाला सहा-सात रुपये, म्हणजे साडेचार हजारांच्या वर, त्यातल्या दोनशे तरी चुकांच्या. अगार, पेप्टोन, एक्सट्रॅक्ट कॉलेजचं. अमिनो आम्ल-उणे पावडरी सर्वांत महाग, तीन मिळून सात हजार. दोन-तीन जणांत वाटून घेता आल्या तर घ्या. मखमल 500. मोरचूद घरून आणणार होतो, मॅडमनी नको म्हटलं, लॅबच्या कपाटातलंच वापरलं. वेळ : अठरा आठवडे. त्यातले ॲडेनिनपायी चार दिवस, दशांशचिन्हापायी एक आठवडा, पेटीटपायी एक, [पिन+] पायी तीन.

19 ऑक्टोबर

एक गोष्ट हिशेबात नव्हती. त्या 41 मधल्या 29 पांढऱ्या आहेत आणि 12 गुलाबी, कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यासारख्या. आधी वाटलं अर्धवट क्युअर. पण गुलाबीतून एक कॉलनी घेऊन पाच वेळा ओढली, पाचही वेळा गुलाबीच. पांढरी पाचही वेळा पांढरी. स्ट्रेन तोच, जनुक तेच, प्रथिन तेच. घडी वेगवेगळी बसली आहे आणि जशी बसली तशीच पुढे जाते आहे. पांढऱ्यातले तंतू सहज तुटतात, बिया पुष्कळ होतात, सप35 जवळजवळ सगळं अडकतं. गुलाबीतले चिवट, कमी तुटतात, थोडं सप35 मोकळं राहतं.

सगळ्यांचे ग्लिसरॉल स्टॉक केले, उणे वीसमध्ये, दुसरी सोय नाही. गुलाबी क्रमांक 7, 11 आणि 30 दोन-दोन नळ्यांत. प्रत्येक नळीवर [पिन+] मोठ्या अक्षरात लिहिलंय.

ज्युनिअरला चावी दिली. तिने विचारलं, यातली पावाची कुठली?